वन्संचं बोलकं खोकं

मुलगी बघायला आलेल्या मुलाला माझ्या थोरल्या नणंदेने जो प्रश्न विचारला, तो आमच्या कोकणपट्टीत त्याआधी कोणत्याही मुलीने विचारला नव्हता आणि यापुढेही कोणी विचारील असं मला वाटत नाही. मुलगा मुंबईचा, कायम नोकरीचा, भांग व्यवस्थित पाडलेला. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या वडिलांनी आपला सुधारकपणा दाखवण्यासाठी म्हटलं, "मुलीलाही काही विचारायचं असेल तर खुशाल विचारू द्या. आम्ही जुन्या वळणाचे नाही." अशा वेळी मुलीने मान खाली घालून नाही म्हणायचं असतं. आमच्या वन्संनी मान वर केली आणि विचारलं, "तुमच्या घरात वीज एसी आहे की डीसी?" मुलाने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी आढ्याकडे पाहिलं. शेवटी मुलगा म्हणाला, "पिवळी आहे." यावर वन्संनी उरलेल्या पोह्यांत चमच्याने रेघा ओढून त्याला दोन विजांमधला फरक समजावून द्यायला सुरुवात केली. "कळवतो," असं म्हणून मंडळी उठली, ती अजून कळवतायत. ही हकिगत मी लग्न होऊन श्रीवर्धनला आल्यावर सासूबाईंनी मला सांगितली. सांगताना दर वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि दर वेळी पलीकडच्या खोलीतून वन्संचा आवाज यायचा, "पण आई, डीसी असती तर माझा ट्रान्सफॉर्मर जळला असता की गो!"

मी पालीची. माझ्या माहेरी बाईमाणसाच्या हातात विळी, लाटणं आणि जपमाळ यांपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. सासरच्या पहिल्या सकाळी मी चहा घेऊन वन्संच्या खोलीत गेले, तर त्या जमिनीवर पालथ्या पडून एका खोक्याच्या पोटात तोंड खुपसून होत्या. अंबाड्यात अबोलीचा वळेसर होता आणि वळेसराच्या शेजारी पेचकस खोचलेला होता. हा पेचकस त्यांच्या अंबाड्यातून क्वचितच निघे. त्या मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत, तिथेही तो जाई. सोमवारी देवळात जाई. एकदा हळदीकुंकवाला गेला, तेव्हा यजमानीणबाईंनी दागिन्याचा नवा प्रकार समजून कोणत्या सोनाराकडे घडवला म्हणून विचारलं. वन्संनी तो उपसून त्यांच्या हातात दिला आणि जाता जाता त्यांच्या कपाटाची सैल झालेली बिजागरी घट्ट करून आल्या.

त्या काळी मुंबईच्या काही दुकानांतून रेडिओ जुळवण्याचे संच टपालाने येत. लाकडी खोक्यात पेंढा, पेंढ्यात काचेचे व्हॉल्व्ह, रंगीबेरंगी तारा, मण्यांएवढाले सुटे भाग आणि एक मोठा घडीचा नकाशा. वन्संनी आधी एक साधा रेडिओ जुळवला, मग एक मोठा जुळवला. मग गावात कोणी पाहुणे व्याख्यानाला आले, त्यांच्याबरोबर टेपरेकॉर्डर आला. गावचे सगळे लोक पाहुण्यांकडे बघत होते, वन्सं यंत्राच्या फिरत्या चक्रांकडे बघत होत्या. व्याख्यान कशावर होतं हे त्यांना कधीच सांगता आलं नाही, पण घरी येऊन त्या म्हणाल्या, "हे आपल्याला करता येईल." तयार यंत्र हे आमच्यासारख्यांनी दुकानाच्या काचेपलीकडे बघायचं. पण सुटं सुटं आणून जुळवलं तर का जमू नये? त्या 'आपल्याला' शब्दात घरातली सगळी माणसं न विचारता सामील झाली.

सामील झाली म्हणजे काय, ते माझ्या फोडणीने सगळ्यात आधी अनुभवलं. ते मण्यांएवढाले भाग, त्यांना वन्सं रेझिस्टन्स म्हणत, त्यांनी मिसळणाच्या एका जुन्या डब्यात ठेवले होते. नवा डबा आणि जुना डबा दिसायला जुळे भाऊ. मी नवी सून, घाईत फोडणीला मोहरी टाकली ती तडतडेचना. पळीत बघते तर लाल-पिवळ्या पट्ट्यांचे मणी तेलात खदखदतायत. मी किंचाळले. वन्सं धावत आल्या, त्यांनी चिमट्याने एकेक मणी बाहेर काढला, पदराला पुसला, आत नेऊन कसल्याशा काट्याच्या घड्याळावर तपासला आणि तिथूनच मला धीर दिला, "काही नाही गो, एकच बिघडलाय. बाकीचे तळून उलट चांगले झालेत!"

घरात वीज आली ती नंतर. तोवर सोल्डरची सळई चुलीत तापवावी लागे. कासार भांड्याला डाग देतो तसा वन्सं तारांच्या सांध्याला डाग देत, आणि ती सळई निखाऱ्यांत असेपर्यंत चुलीवर कोणी हक्क सांगायचा नाही असा त्यांचा कायदा होता. सासूबाई परातीत भाकरी थापून ताटकळत. "बायो, भाकरी टाकू का आता?" असं त्या हळूच विचारत, आणि वन्सं सांगत, "आई, हा एवढा एक सांधा." तो एवढा एक सांधा कधी संपला नाही. सांध्याला लावायच्या राळेचा धूर मात्र घरभर दरवळे. वाटेने जाणारी माणसं आमच्या फाटकाशी थांबून हात जोडत. काय ते घर, म्हणत, सकाळ-संध्याकाळ धूप जळतोय! आमच्या घरच्या धार्मिकतेचा लौकिक त्या एका सळईवर उभा होता.

सगळ्यांत मोठी गंमत ट्रान्सफॉर्मरची. हा म्हणजे लोखंडाचा ठोकळा, टपालाने येण्यासारखा नव्हे, म्हणून वन्सं स्वतः मुंबईहून आगबोटीने घेऊन आल्या. आमच्याकडे बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर समुद्रात उभी राही आणि पडावातून उतारू किनाऱ्याला येत. खाऱ्या पाण्याचा शिंतोडा लागू नये म्हणून वन्संनी ठोकळा दुपट्यात गुंडाळला होता आणि छातीशी धरला होता. आजूबाजूच्या बायांनी त्यांना बसायला जागा करून दिली, एकीने "झोपलंय वाटतं" असं म्हणून आपल्या पोराला गप्प केलं. उतरायच्या वेळी पडावातल्या खलाशाने हात पुढे केले. "ताय, तुमी सांबाळून उतरा. पोर द्या हिकडं." वन्संनी दिलं. खलाशी ते घेऊन एकदम गुडघ्यांवर बसला आणि ओरडला, "आयला, पोर हाय का पाटा?" हे मी किनाऱ्यावरून डोळ्यांनी पाहिलं आहे. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "आपटू नका हो, आत तांब्याची तार आहे." पडावातल्या बाया पुढे कितीतरी दिवस आमच्या घरावरून जाताना आत डोकावून बघत.

यंत्र जुळून यायला किती महिने गेले ते मी मोजले नाहीत. मोडक्या परदेशी यंत्राची चक्रं चोरबाजारातून आली, मायक्रोफोन आला तो ताकाच्या रवीला बांधून घागरीत उभा केला, आणि एके दिवशी खोकं तयार झालं. ते आवाज धरी, पण आवाजाचं वय धरत नसे. कारण तोवर गावात वीज आली होती आणि तिच्यामागोमाग पिठाची गिरणीही आली होती. गिरणी सुरू झाली की दिवे मिणमिणत आणि यंत्राची मोटर दमून हळू फिरे. अशा वेळी धरलेला आवाज गिरणी बंद झाल्यावर लावला, की भराभर चिवचिवत बाहेर पडे. आमच्याकडे येणारे भटजी घोगऱ्या गळ्याचे, गंभीर प्रकृतीचे. त्यांनी गिरणीच्या वेळात म्हटलेलं स्तोत्र नंतर खारींच्या जोडीने म्हटल्यासारखं ऐकू आलं. भटजी उठून निघून गेले. वन्संनी मग गिरणीवाल्याशी बोलून त्याच्या वेळा ठरवून घेतल्या. दुपारी जेवणं झाल्यावर गिरणी बंद असे, ती वेळ यंत्राची.

आणि मग वन्संनी गावाला बोलतं करायला घेतलं. घागरीतली रवी पुढे करून त्या म्हणत, "हं, बोला." आता तुम्हीच सांगा, जन्मभर तोंड न मिटलेल्या माणसालाही "बोला" म्हटलं की तो काय बोलणार? त्यांच्या फितीचं पहिलं अख्खं स्पूल निरनिराळ्या आवाजांत एकच वाक्य म्हणतं : "काय बोलू?" पोस्टमन म्हणतो काय बोलू, शिंपी म्हणतो काय बोलू, आमचे हे घसा खाकरून म्हणतात काय बोलू. आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या कोळणीचा आवाज खाडीपलीकडे जाणारा, पण तिला खोलीत रवीपुढे बसवली तेव्हा तिच्या तोंडून ब्र निघेना. "टोपली डोक्याव नसली तं माजा आवाज न्हाय निघत गो ताय," असं तिने सांगितलं. वन्संनी लगेच मान्य केलं. लांब तार जोडून रवी अंगणात नेली, कोळणीने टोपली डोक्यावर घेतली, फाटकाच्या बाहेर जाऊन ती पुन्हा आत आली, आणि अशी हाक दिली की यंत्राचा काटा जो टोकाला जाऊन बसला तो परत यायला तयार नव्हता.

ऐकवण्याचा प्रकार तर आणखी वेगळा. सगळ्यांना सगळ्यांचे आवाज ओळखू येत, फक्त आपला येत नसे. शिंपी म्हणे, पोस्टमन अगदी हुबेहूब, पण माझ्या जागी दुसराच कोणी बोलतोय. पोस्टमन म्हणे, शिंपी हुबेहूब, पण हा मी नव्हे. माझा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, ही कोण नाकात बोलणारी बाई आपल्या घरात शिरली? वन्सं हसून म्हणाल्या, "आपण स्वतःला आतून ऐकतो गो. बाकीचे बाहेरून ऐकतात. बाहेरचा खरा."

आता मामंजींबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्यांच्यामुळे झालं. माझे सासरे म्हणजे सढळ हाताचा, कोणाचं वाईट न चिंतणारा माणूस. सुपारीच्या वाडीत दिवसभर गड्यांच्या बरोबरीने राबत. पण आवाज! देवाने तो कोणा मोठ्या जहाजासाठी घडवला असावा आणि चुकून त्यांच्या गळ्यात बसवला असावा. ते पाणी मागत तेही चोर आल्यासारखं. शेजारच्या वाडीतला गडी आपल्यालाच हाक मारली समजून धावत येई. बाहेरच्यांना त्याची मौज वाटे. सासूबाईंना वाटत नसे. इतक्या वर्षांच्या संसारात मामंजींनी त्यांच्यावर हात उगारला नव्हता, पण फाटकाशी वहाणा वाजल्या की त्यांच्या हातातलं भांडं हमखास पडे. मी आले तेव्हा त्या कुजबुजल्यासारख्या बोलत. मला आधी वाटलं, घशाचं काही दुखणं असेल.

त्याच सुमारास वन्संची एक मैत्रीण मुंबईहून आली. ती तिकडे बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत होती. ती म्हणाली, तिथल्या मुलांना कानाला लावायची यंत्रं आहेत, पण त्यांतली निम्मी बंद पडून असतात. शिकवताही येईल आणि यंत्रांच्या पोटात हातही घालता येईल असं माणूस त्यांना हवं आहे. वन्संचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्यांनी मामंजींना विचारलं आणि मामंजींनी असं काही "नाही!" म्हटलं की दारातलं मांजर उठून गेलं. "मुंबईत एकटी बाई राहणार? लोक काय म्हणतील? खोकी जुळवायचीत ना, इथे जुळव! मी कधी अडवलं?" वन्संनी पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर त्या खोलीचं दार लावून घेऊ लागल्या आणि अंबाड्यातला पेचकस दिसेनासा झाला. मला त्यांची भीती वाटू लागली, म्हणजे त्यांच्यासाठी भीती वाटू लागली.

अशाच एका दुपारी, त्यांचं मन कुठेतरी गुंतावं म्हणून मी म्हटलं, "वन्सं, सासूबाईंचं गाणं धरा ना." सासूबाई गातात हे मला एका गौरीच्या वेळी कळलं होतं. स्वयंपाकघरात कोणी नाही असं समजून त्या एकट्याच गुणगुणत होत्या आणि मी दारात खिळून उभी राहिले होते. आता त्या आधी नको नको म्हणाल्या. मामंजी वाडीत आहेत, संध्याकाळशिवाय येत नाहीत, असं पटवलं तेव्हा कुठे रवीपुढे बसल्या. गौरीचं जुनं गाणं त्यांनी सुरू केलं. आवाज कापत होता, मग कापायचा थांबला, मग मोकळा झाला. वन्सं चक्रांकडे बघायचं विसरून आईकडे बघत राहिल्या. गाणं अर्ध्यावर आलं आणि अंगणातून गर्जना आली, "अगं एऽ! मेलीस की काय? तासभर हाका मारतोय! पायावर पाणी घालायला कोणी आहे की नाही या घरात?" मामंजी काहीतरी विसरलं म्हणून परत आले होते. तासभर कसला, ती त्यांची पहिलीच हाक. सासूबाई उठल्या, त्यांच्या धक्क्याने तांब्या लवंडला, आणि "आले, आले, आले" म्हणत त्या बाहेर धावल्या. वन्संनी यंत्र बंद केलं तेव्हा बरीच फीत पुढे गेली होती. ते स्पूल त्यांनी पुसलं नाही, कोणाला ऐकवलंही नाही. ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं.

पुढे एके दिवशी मामंजीच रुसले. दुपारची जेवणं झाली होती. ओटीवर सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "सगळ्या गावाचा आवाज धरलास. त्या कोळणीचा धरलास, शिंप्याचा धरलास. मी या घरात राहतो की नाही? माझा नको धरायला?" वन्सं म्हणाल्या, "तुमचा आहे, बाबा."

"आहे? मग लाव की!"

आतून सासूबाई आल्या. त्या नुसत्या मानेने नको म्हणाल्या. वन्संनी आईकडे बघितलं, मग वडिलांकडे. "बाबा, मी तो मुद्दाम धरलेला नाही. आणि ऐकून तुम्हाला बरं वाटेल असं मी सांगत नाही. नसेल ऐकायचं तर राहू दे."

"लाव!" मामंजी म्हणाले, आणि अडकित्ता खाली ठेवून ऐटीत बसले.

चक्रं फिरू लागली. गाणं सुरू झालं. मामंजींनी भुवया वर केल्या. हळूहळू त्यांची मान डोलू लागली. "वा!" ते म्हणाले. "कोण गो ही बाई? मुंबईची दिसते. काय गोड गळा आहे!" आम्ही तिघी पुतळ्यासारख्या बसलेल्या. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आणि मग गाण्याच्या ऐन मध्यावर ती गर्जना आली. मामंजी दचकले. खरोखरच दचकले. मांडीवरची सुपारी खाली सांडली. "हा कोण मेला मध्येच कोकलतोय?" ते रागाने म्हणाले. "चांगलं चाललेलं गाणं..."

तेवढ्यात यंत्रातून तांब्या लवंडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आलं, "आले, आले, आले."

ते त्यांनी ओळखलं. गाणाऱ्या बाईला त्यांनी ओळखलं नव्हतं, ओरडणाऱ्या माणसालाही नव्हतं. पण हे तीन शब्द ते इतकी वर्षं रोज ऐकत आले होते. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, आणि मग यंत्राकडे. वन्संनी बंद करायला हात पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "राहू दे." फीत चालत राहिली. त्यात आता काही नव्हतं, कावळे होते, दूर कुठे रहाट वाजत होता. फीत संपून तिचं टोक चक्रावर फटफटायला लागलं. मामंजी उठले, वहाणा घातल्या आणि वाडीत निघून गेले. फाटकाची कडी त्यांनी इतकी हळू लावली की आम्हाला ती ऐकूच आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं ते कोणाला सांगून खरं वाटणार नाही. मामंजी हळू बोलू लागले. पण हळू बोलण्याची त्यांना काडीचीही सवय नव्हती, त्यामुळे ते एकदम कुजबुजीवरच उतरले. "पाणी देतेस का?" असं त्यांनी सासूबाईंना अशा काही स्वरात विचारलं की सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. वाडीत ते गड्याला हाका मारत आणि गडी शेजारी उभा असूनही त्याला पत्ता नसे. शेवटी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "वयनी, म्हाताऱ्याला बरं न्हाय काय? त्वांड हलतंय, आवाज न्हाय येत." मधूनच जुना आवाज उसळी मारून वर येई, पहिला शब्द कौलांना जाऊन भिडे, मग ते थांबत, खोकत आणि तेच वाक्य पुन्हा खालच्या पट्टीत म्हणत. आम्हाला हसू येई, पण आम्ही हसत नव्हतो. सासूबाई मात्र एकदा हसल्या. समोरासमोर, मोठ्याने. मी तर घाबरलेच. मामंजी आधी गोरेमोरे झाले आणि मग तेही हसले.

नंतर एके दुपारी ते वन्संच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "ते गाणं अर्धं राहिलंय," म्हणाले. "पुरं धर." वन्संनी रवी घागरीत उभी केली, सासूबाई बसल्या. वन्सं म्हणाल्या, "बाबा, तुम्हीही आत या." ते म्हणाले, "नको. मी आत असलो की तिचा आवाज बसतो." आणि ते ओटीच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून जाऊन बसले. मी खिडकीतून पाहत होते. फाटकाशी भटजी आले, त्यांना त्यांनी तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. कावळा आला, त्याला उपरणं हलवून उडवलं. सासूबाईंनी गाणं शेवटपर्यंत म्हटलं, आणि मग कोणी न सांगता दुसरं म्हटलं.

त्याच आठवड्यात जेवताना मामंजी पानाकडे बघत काहीतरी पुटपुटले. वन्संनी विचारलं, "काय म्हणालात?" ते पुन्हा पुटपुटले. "ऐकू नाही आलं, बाबा." तेव्हा त्यांचा धीर सुटला. "हळू बोललं तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललं तर यंत्रात जाऊन बसतं! माणसाने करावं काय? जा म्हणतोय! मुंबईला जा! बोटी सुरू झाल्या की जा!" वन्संनी हातातला घास पानात ठेवला. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवला, बोटी सुरू झाल्या. वन्संना पोचवायला आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. सासूबाईंनी लाडू दिले, मी कोकमं दिली. मामंजींनी सामान पडावात स्वतः चढवलं, खलाशांना हात लावू दिला नाही. सकाळची वेळ, वारा जोराचा. पडाव सुटला, मधलं पाणी वाढत गेलं, आणि तेव्हा कुठे मामंजींना बोलायचं सुचलं. "पोचल्यावर कळव," असं ते त्यांच्या नव्या, खालच्या आवाजात म्हणाले. वाऱ्याने ते शब्द तिथल्या तिथे उडवून नेले. वन्संनी पडावातून कानाला हात लावून काय म्हणून विचारलं. मामंजींनी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. पडाव आणखी लांब गेला. ते असहायपणे सासूबाईंकडे वळले.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, ओरडा की आता!"

मामंजींनी छातीभर श्वास घेतला. "पोचल्यावर कळव गो बायोऽऽ! जिवाला जप!" किनाऱ्यावरचे पक्षी उडाले. जाळी विणत बसलेले कोळी उठून उभे राहिले. पडावातल्या खलाशांनी वल्ही थांबवली. आणि लांबवर, पाण्यावर, वन्संनी दोन्ही हात वर केले. त्या रडत होत्या की हसत होत्या ते एवढ्या अंतरावरून मला दिसलं नाही, पण ऐकू गेलं होतं एवढं नक्की. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्या दचकल्या नाहीत.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी काही कामाने मी मुंबईला गेले, तेव्हा वन्संची शाळा बघायला गेले. वर्गात मुलींच्या कानांना मोठमोठी श्रवणयंत्रं होती, आणि त्यांतली एकही बंद नव्हती. वन्संच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. एक लहानशी परकरी मुलगी दोन्ही हातांनी आपली यंत्रं दाबून धरून खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत होती. पावसाला आवाज असतो हे तिला त्याच वर्षी कळलं होतं, आणि ते तिला अजून खरं वाटत नव्हतं. शाळा सुटल्यावर वन्सं मला गाडीपर्यंत पोचवायला आल्या. घरी असताना त्या फारशा बोलत नसत, बोलल्या तर व्हॉल्व्हबद्दल. आता वाटभर त्या बोलत होत्या. कोणती मुलगी काय म्हणायला शिकली, कोणाच्या आईला काय वाटलं, नवं कोणतं यंत्र त्या जुळवतायत, त्यात व्हॉल्व्हच नाहीत. माझा हात धरून, छत्री एकदा माझ्यावर आणि एकदा स्वतःवर धरत. स्टँड आला, माझी गाडी लागलेली होती. कंडक्टरने घंटी दिली. वन्सं एका मुलीबद्दल सांगत होत्या आणि ते अजून संपलं नव्हतं.

ती गाडी मी जाऊ दिली.